कापसाच्या दारात मिल नेणारा माणूस : जमशेटजी टाटा

दिवाळी सरली की गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर या पट्ट्यात जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते. पूर्वी बैलगाड्या असायच्या, आता ट्रॅक्टर अन् टेम्पो असतात, एवढाच फरक. कापूस घातला, वजन झालं, ओलावा धरून कट्टी झाली, पट्टी हातात पडली की शेतकऱ्याचा संबंध संपला. सरकी तेलाच्या घाणीला जाते. रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधून ट्रक निघतात ते थेट गुजरातेत, नाहीतर पार तमिळनाडूत कोइमतूरच्या गिरण्यांकडं. पीक आमचं अन् सूत दुसरीकडं, हे असं का, हा प्रश्न आपल्याकडं सभेत, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर दरसाल निघतो.

हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी एका पारशी व्यापाऱ्याला पडला होता, आणि त्यानं नुसती चर्चा न करता उत्तर उभं करून दाखवलं. जमशेटजी टाटा म्हटलं की लोकांना पोलाद, ट्रक आणि मुंबईचं ताजमहाल हॉटेल आठवतं. पण हा माणूस मुळात कापसाचा. जन्मभराची कमाई त्यानं रुईत मिळवली अन् पुढचं सगळं त्या जिवावर मांडलं. कापूस पिकवणाऱ्यांनी त्याची ही बाजू माहीत करून घ्यायला हवी. त्यात त्याला काय साधलं हे तर आहेच, पण काय साधलं नाही तेही आपल्या कामाचं आहे.

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातेतल्या नवसारीचा. नवसारी तेव्हा बडोद्याच्या गायकवाडांच्या मुलखात होती. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील नसरवानजी यांनी पिढीजात भिक्षुकी सोडून मुंबईत व्यापार धरला, मुलाला मागून बोलावून घेतलं आणि एल्फिन्स्टन कॉलेजात घातलं. १८५८ साली शिक्षण संपवून जमशेटजी बापाच्या पेढीवर बसले. वर्षभरातच त्यांना हाँगकाँगला पाठवलं. इथून कापूस आणि अफू जायची, तिकडून चहा, रेशीम यायचं. अफूचा धंदा तेव्हा सरकारमान्य होता आणि मुंबईचे बहुतेक मोठे व्यापारी त्यात होते, टाटाही होते.

मग १८६१ साल उजाडलं. अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी पेटली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या दक्षिण अमेरिकी संस्थानांच्या कापसावर चालत, तो माल बंद पडला आणि सगळ्या साहेबांचे डोळे हिंदुस्थानच्या कापसाकडं वळले. भाव असे चढले की वऱ्हाड-खानदेशात ज्वारीच्या रानात सरकी पडली. मुंबईत पैशाचा पूर आला, रोज नवी बँक, नवी कंपनी. १८६५ साली तिकडं लढाई संपली अन् इकडं सगळा डोलारा कोसळला. तेजीत भाव बघून पेरायचं आणि मंदीत विकायचं, हा खेळ आपण आजही बघतो. त्याची पहिली मोठी आवृत्ती ती होती.

जमशेटजी त्या वेळी लंडनमध्ये होते. बँक काढायला गेले होते, आणि खिशातल्या हुंड्यांचे एका रात्रीत कागद झाले. वय पंचवीस-सव्वीस. पळून न जाता ते सावकारांपुढं उभे राहिले, हिशोब मांडला. सावकारांनी त्यांनाच पेढीचा देणं-घेणं निस्तरणारा अधिकारी नेमलं, महिना वीस पौंड पगारावर. इकडं वडिलांनी मुंबईचं राहतं घर विकून देणी भागवली. त्या मुक्कामात लँकेशायरच्या गिरण्या मात्र त्यांनी जवळून पाहिल्या. आपल्याकडून गेलेली रुई तिथं कशी पिंजली जाते, सूत कसं निघतं आणि तेच कापड होऊन आपल्या बाजारात किती पटीनं परत येतं, हे डोळ्यांदेखत कळलं.

१८६८ साली २१ हजार रुपये भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. त्याच सुमाराला अॅबिसिनियावर चालून गेलेल्या इंग्रज फौजेला माल पुरवण्याच्या मक्त्यात टाटांना बरा नफा झाला, तोही हाताशी होता. दुसऱ्या वर्षी मुंबईत चिंचपोकळीला दिवाळं निघालेली एक तेलगिरणी विकत घेतली, तिची कापड गिरणी केली, अलेक्झांड्रा मिल असं नाव दिलं आणि दोन वर्षांत नफ्यानं विकूनही टाकली. हा सराव होता म्हणायचं. पुन्हा एकदा लँकेशायर पाहून ते परतले तेव्हा डोक्यात गणित पक्कं होतं.

ते गणित गावातल्या माणसाला लगेच कळण्यासारखं आहे. मुंबईत गिरणी काढायची म्हणजे कापूस शेकडो मैल आणायचा, कोळसा समुद्रातून आणायचा, अन् तयार सूत-कापड पुन्हा आतल्या मुलखात पाठवायचं. तिन्ही वेळा भाडं. त्यापेक्षा गिरणीच कापसाच्या दारात नेली तर? कापूस जवळ, कोळसा जवळ, रेल्वे दारात आणि गिऱ्हाईकही आसपास, अशी जागा त्यांनी शोधायला घेतली. शेवटी नागपूर ठरलं. वर्धा-हिंगणघाटचा कापूस जवळ. वरोऱ्याची कोळशाची खाण आवाक्यात. मुंबईची रेल्वे १८६७ सालीच नागपूरला पोचलेली. आणि नागपूर, उमरेड भागात हातमागावर बसणारे हजारो कोष्टी, म्हणजे सुताला घरचं गिऱ्हाईक. मुंबईच्या शहाण्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. गिरणी म्हणजे मुंबई, असाच तेव्हाचा समज होता.

आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. काळ्या रानाला कापूस होताच, पण रूळ नव्हते. मनमाड-हैदराबाद रेल्वे जालना, परभणी, नांदेडवरून सुरू व्हायलाच १९०० साल उजाडलं. जिल्ह्याला परळीचं एक टोक तेवढं मिळालं, आणि खुद्द बीड शहरात रेल्वेगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. जमशेटजींच्या चार अटींपैकी आपल्याकडं कित्येक पिढ्या एकच पुरी होत होती, ती म्हणजे कापूस. त्यामुळं मिल नागपूरला का अन् बीडला का नाही, याचं उत्तर नशिबात शोधण्यापेक्षा रुळांत शोधलेलं बरं.

१८७४ साली सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी राहिली, भांडवल १५ लाख. नागपूर स्टेशनाजवळ जुम्मा तलावाकाठची दलदलीची जागा घेतली. आधी ती मातीनं भरून काढावी लागली. नागपूरच्या एका सावकाराकडं जमशेटजींनी पैसा मागितला तेव्हा खड्ड्यात सोनं पुरणाऱ्याला मी पैसे देत नाही अशा अर्थाचं बोलून त्यानं हात वर केले, आणि पुढं त्याच सावकारानं, या माणसानं माती पुरून सोनं काढलं, अशी कबुली दिली, असं सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस मिल. सुरवातीला तीस हजारांच्या आसपास चात्या आणि साडेचारशे माग होते.

सुरवात काही चांगली झाली नाही. पैसा वाचवायला यंत्रं स्वस्तातली घेतली होती, ती कुरकुरायला लागली. जमशेटजींनी मग स्वस्ताचा नाद सोडला आणि चांगली यंत्रं बसवली. कारभार बेझनजी मेहता यांच्याकडं दिला. हे गृहस्थ आधी रेल्वेत नोकरीला, गिरणीचा गंध नसलेले. पण माणूस पारखण्यात जमशेटजींची नजर पक्की होती, मेहतांनी मिल नावारूपाला आणली. यंत्रांचं काम ब्रुक्सबी नावाच्या इंग्रजाकडं होतं.

एक गोष्ट इथं मुद्दाम सांगण्यासारखी. सूत कातायची रिंग पद्धत तेव्हा नवी निघाली होती. जुन्या चात्यांपेक्षा ती जास्त वेगानं फिरते अन् तिच्यावर सूत जास्त निघतं. लँकेशायरचे गिरणीवाले जुनंच धरून बसले होते. जमशेटजींनी १८८३ च्या सुमारास दोन रिंग यंत्रं मागवून आधी चालवून पाहिली, सुताचं वजन केलं, खात्री पटली तशी सगळी गिरणी बदलायला घेतली. नवं बियाणं आधी दोन तासांत लावून बघायचं आणि मग अख्ख्या रानात, असा हा शेतकरी हिशोब. गुरू मागं राहिले आणि चेला पुढं गेला.

गिरणी कामगार म्हणजे आसपासच्या खेड्यांतली माणसं. सुगी आली, लग्नसराई आली, जत्रा आली की गायब. शंभरातली ऐंशी माणसं कामावर आली तरी दिवस चांगला म्हणायचा, अशी स्थिती. दुसरा मालक असता तर दंड ठोकला असता. जमशेटजींनी हजेरीवर बक्षिसं ठेवली आणि दरसाल समारंभ करून ती वाटली. १८८६ साली पेन्शनचा निधी सुरू केला, १८९५ पासून कामावर अपघात झाला तर भरपाई, पुढं प्रॉव्हिडंट फंड. गिरणीत हवा ओली आणि थंड ठेवायची यंत्रं, आगीपासून बचावाचे पाण्याचे फवारे बसवले. यातलं काहीही त्या वेळी कायद्यानं बंधनकारक नव्हतं. ओल्या हवेत सूत तुटत नाही हा मालकाचाही फायदा होता, ते खरं. पण त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत माणसं कशी राबत होती ते पाहिलं की फरक कळतो.

नागपूर चाललं तसं १८८६ साली त्यांनी कुर्ल्याची बुडीत धरमसी मिल साडेबारा लाखांना घेतली. तिचं नाव ठेवलं स्वदेशी मिल. बंगालची स्वदेशी चळवळ व्हायला अजून वीस वर्षं होती. ही गिरणी मात्र अंगाशी येते की काय असं झालं. यंत्रं जुनाट, कामगार टिकेनात. एम्प्रेसचे आपले शेअर मोडून, नागपूरची जाणती माणसं आणून त्यांनी ती सावरली. आणि याच गिरणीच्या निमित्तानं त्यांची गाठ पडली आपल्या खऱ्या विषयाशी, धाग्याच्या लांबीशी.

मँचेस्टरचं तलम कापड हिंदुस्थानात खपत होतं. तसं सूत आपल्या गिरणीत काढायचं जमशेटजींच्या मनात होतं. पण बारीक सूत कातायला लांब धाग्याची रुई लागते. धागा आखूड असला तर पीळ धरत नाही, सूत तुटतं. यंत्र लाख मोलाचं असू द्या, आखूड रुईतून ते जाडंभरडंच सूत काढणार. म्हणजे कापडाचा पोत शेतात ठरतो, गिरणीत नाही. जमशेटजींच्या काळात हे गिरणीवाल्यांपैकी फार थोड्यांनी इतक्या स्पष्टपणे ओळखलं होतं.

आता गंमत बघा. ज्या मुलखात त्यांची मिल होती तिथंच एके काळी हिंगणघाटचा बनी कापूस होत असे. देशी कापसात लांब धाग्याचा आणि मऊ, विलायतेच्या बाजारात हिंगणघाट या नावानं ओळखला जाणारा. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो मागं पडत गेला. त्याच्या जागी आखूड धाग्याची, जाडीभरडी पण काटक, लवकर येणारी आणि रुईचा उतारा जास्त देणारी जात पसरली. व्यापारी दोन्हींची भेसळ करत. शेतकऱ्यानं असं का केलं? त्याला कापसाचा भाव वजनावर मिळत होता, लांबीवर नाही. चांगल्या धाग्याचा जास्तीचा पैसा अडत्या, जिनवाला आणि दलाल यांच्या साखळीत मुरत होता, बांधापर्यंत पोचत नव्हता. मग त्यानं लांब धाग्याची हौस कशासाठी करावी? कृषी खात्याचे साहेब त्याला अडाणी म्हणत. हिशोब बघितला तर अडाणी कोण ते ठरवणं अवघड आहे.

जमशेटजींनी यावर उपाय शोधला तो इजिप्तच्या कापसाचा. नाईलच्या काठचा हा कापूस जगात नावाजलेला, लांब आणि रेशमासारखा. १८९६ साली त्यांनी हिंदुस्थानात इजिप्तचा कापूस कसा पिकवता येईल यावर एक पुस्तिका काढून गिरणीवाल्यांत आणि सरकारी अधिकाऱ्यांत वाटली, ठिकठिकाणी बी लावून पाहावं म्हणून खटपट केली. त्यांचा मुद्दा अगदी शेतकी होता. आधीचे प्रयोग फसले, कारण हे बी आपल्या कापसासारखं पावसाळ्याच्या तोंडावर टाकलं. इजिप्तात पाऊस जवळजवळ नाहीच, तिथं पीक कालव्याच्या पाण्यावर आणि कोरड्या हवेत येतं. तेव्हा इथं पावसाळा संपल्यावर, पाणी देऊन ते घ्यावं. विचार चुकीचा नव्हता. पण कोरडवाहू दख्खनमध्ये पाणी होतं कुणाकडं? विहीर-बारव असलेला शेतकरी आपलं ओलीत उसाला, गव्हाला देणार की नव्या परदेशी सरकीला? आणि लांब धाग्याचा भाव देण्याची हमी कोण घेणार? ज्या माणसानं गिरणीच्या जागेसाठी चार अटी काटेकोर तपासल्या, त्यानं शेतकऱ्याची ही एक अट सोडवल्याशिवाय बी पुढं केलं. माझ्या मते हा प्रयोग मातीत जेवढा अडला त्याहून जास्त इथं अडला. त्यांच्या हयातीत तो कापूस काही इथं रुजला नाही.

पुढं शास्त्रज्ञांनी ते काम नेटानं केलं. निजामाच्या काळात आपल्या मराठवाड्यात गावरानी कापसावर निवड होऊन गावरानी-६, गावरानी-१२ अशा सुधारलेल्या जाती निघाल्या. इजिप्तच्या कर्नाक जातीतून निवडलेली सुजाता आणि तिच्या संकरातून १९७४ साली आलेली सुविन, हा तमिळनाडूतला कापूस जगातल्या तलम कापसांत गणला गेला. भावाचं कोडं मात्र तिथंच आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव ठरवला. फरक ४०० रुपयांचा. खेडा खरेदीत तर व्यापारी हातात चिमूट धरून अंदाजानं सगळ्याला एकच भाव सांगतो. क्विंटलभर कापसात रुईचा उतारा ३३ किलो आहे की ३६, हे जिनवाल्याला माहीत असतं, घालणाऱ्याला नसतं. राज्याच्या स्मार्ट कॉटन प्रकल्पात एक गाव एक वाण धरून, शेतकऱ्यांनी गटानं कापूस जिनवर नेऊन गाठी करून विकायचा प्रयत्न सुरू झाला. गाठीची लांबी, ताकद, तलमता यंत्रावर तपासून भाव ठरतो. हे हिंगणघाटच्या शेतकऱ्याला तेव्हा मिळालं असतं तर बनी कापूस एवढ्या सहज गेला नसता.

सरकारी धोरणाचे फटके जमशेटजींनीही खाल्ले. हिंदुस्थानातून चीन-जपानला सूत आणि रुई नेणाऱ्या इंग्रजी बोट कंपनीचं भाडं टनाला १९ रुपयांपर्यंत. त्यांनी १८९३ साली जपानी कंपनीशी जोड करून १२ रुपयांची टाटा लाईन काढली. इंग्रजी कंपनीनं दर पाडत पाडत दीड रुपयावर आणला आणि टाटांच्या बोटी बंद पाडल्या. १८९६ साली मँचेस्टरच्या दबावाखाली सरकारनं देशी गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी लावली, त्याविरुद्ध ते हिशोब मांडून भांडले. कर गेला तो त्यांच्या मागं वीसेक वर्षांनी. कापसावरचा कर कुणाच्या सोयीनं चढतो-उतरतो ही ओरड आजचीच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क उठवलं आणि वर्षअखेरपर्यंत सूट दिली, तेव्हा गिरण्या खूश झाल्या, शेतकरी नाराज. १८९६ ला गिरणीवाला आणि शेतकरी एका बाजूला होते, २०२५ ला दोन बाजूंना.

कापसाखेरीज दुसरा एक धागा त्यांनी हाती घेतला, रेशमाचा. जपानात त्यांनी रेशीम उद्योग पाहिला होता. म्हैसूर संस्थानात रेशीम मरगळलं होतं. जमशेटजींनी बंगलोरला जपानी जाणकार आणून रेशीम शेती उभी केली. तुतीची लागण, निरोगी अंडीपुंज, कोष काढणं हे सगळं तिथं लोकांना शिकवलं. आज बीड जिल्ह्यात तुतीच्या बागा झाल्या आहेत, कित्येक घरांत कोषाचा पैसा येतो. हे कोष वर्षानुवर्षं विकायला न्यावे लागत ते कर्नाटकात रामनगरला. अलीकडं बीडच्या बाजार समितीत कोषखरेदी सुरू झाली तेव्हा कुठं ती खेप कमी झाली. पीक एकीकडं आणि बाजार दुसरीकडं, हे दुखणं रेशमातही तेच होतं. तिथं ते निदान थोडं सुटलं.

शेवटची वर्षं पोलादाचा कारखाना, विज्ञानाची संस्था आणि घाटातल्या पाण्यावरची वीज या तीन कामांच्या मागं गेली. तिन्ही त्यांच्या डोळ्यांदेखत झाली नाहीत, मुलांनी आणि साथीदारांनी पुरी केली. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाद नाऊहाइम इथं त्यांचं निधन झालं. इंग्लंडमध्ये ब्रुकवूडच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

एम्प्रेस मिल त्यांच्या मागं जवळजवळ शंभर वर्षं चालली. १९८६ साली ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेली आणि २००२ साली बंद पडली. जुम्मा तलावाकाठी माती भरून जिथं चात्या फिरल्या, तिथं आता मोठा बाजार-मॉल उभा आहे. त्यात विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या कापसाचं सूत तमिळनाडूत कातून, कुठं कुठं शिवून आलेले सदरे टांगलेले असतात.